अंदाजपत्रकात मोरी नव्हती

लिब्रादाच्या पेरूच्या बागेत उभं राहिलं की समोर कालवा दिसतो. काँक्रीटचा, पांढराशुभ्र, सरळसोट. परक्या माणसाला वाटावं, काय सुखी गाव आहे. त्या कालव्यात पोरं सायकल शिकली, शेळ्या सावलीला बसल्या, आणि शेजारच्या निकानोराच्या पुतणीच्या लग्नाचा नाचसुद्धा त्यातच झाला, कारण सगळ्या ला ग्विलोता गावात इतकी सपाट जागा दुसरी नाही. पाणी तेवढं त्यातून वाहिलं नाही. धरण बांधलं, कालवा बांधला, दोन्हींच्या फिती कापल्या, पण धरणात पाणी कुठून यायचं हे बघायचं राहून गेलं. वरच्या शहरानं नदी आधीच पिऊन टाकली होती.

आता एवढंच असतं तर गावानं कपाळावर हात मारून सोडून दिलं असतं. सरकारनं पैसे मातीत घातले, घातले. आमच्या बापाचं काय गेलं? पण इथं आमच्या बापाचंच गेलं. कालवा आडवा गेला तो थेट जुन्या पाटावरून. टेकडीखालच्या झऱ्यापासून बागांपर्यंत येणारा तो पाट आमच्या पणज्यांनी खणला होता. दर वर्षी थंडी सरता सरता अख्खं गाव फावडी घेऊन त्याचा गाळ काढायला जमायचं, आणि जो यायचा नाही त्याची पाण्याची पाळी जायची. मग तो कितीही मोठा असो. कंत्राटदारानं त्या पाटावर मुरूम ओतला, वरून रोलर फिरवला आणि तो निघून गेला.

लिब्रादा ह्या गावात लग्न होऊन आली ती टेकडीपलीकडच्या गावातून. तिकडे पाणी खेचरावरून विकत येई. वरातीत तिनं पाट पाहिला, आणि नव्या बुटांसकट ही बया त्यात उतरली. सासूनं तिथंच भर वऱ्हाडात तिला फैलावर घेतलं. लिब्रादा म्हणाली, "बूट वाळतील, आई. असं पाणी मी जन्मात पाहिलं नाही." ही गोष्ट सासू मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती, आधी रागानं, मग कौतुकानं.

नवरा आन्सेल्मो अबोल. दोघांनी मिळून दगडगोट्यांच्या उतारावर पेरू लावले. खड्डा पहारीनं खणायचा, माती डोक्यावरून आणायची, प्रत्येक झाडाला आळं करायचं. लोक हसले. चार पावसाळ्यांनंतर हसणारेच टोपल्या घेऊन दारात आले. पेरूचा हंगाम आला की तिच्या अंगणात तांब्याचं मोठं पातेलं चढायचं आणि पेरूची लाल वडी घोटत ती उभी राहायची, हात कोपरापर्यंत भाजून निघायचे. हमरस्त्यावर बस थांबली की वडी खिडकीतून आत. त्या वडीवर तिनं पोरं वाढवली, आन्सेल्मोच्या छातीच्या दुखण्याला औषध आणलं, आणि तो गेला तेव्हा गावाला जेवण घातलं. पोरं उत्तरेला गेली, सीमेपलीकडे. फोनवर म्हणतात, आई, इकडे ये. ही म्हणते, "तिकडे काय आहे? बर्फ. आणि पेरू म्हणे प्लास्टिकच्या डबीत मिळतात. मी नाही यायची."

तर अशी ही बाई. आणि कालव्याला हात वर करणाऱ्यांत तिचाही हात होता, हे सांगितलंच पाहिजे.

सभा शाळेच्या पटांगणात भरली होती. गावच्या जमीन समितीचा अध्यक्ष फिदेन्सिओ, म्हणजे लिब्रादाच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी ज्यानं हातात धरलं तो. तिचा कोम्पाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या भावापेक्षा जड. कोम्पाद्रेशी कुणी आवाज चढवून बोलत नाही, अरेतुरे करत नाही, आणि त्याच्या शब्दाला 'पण' लावत नाही. फिदेन्सिओ उभा राहिला, टोपी छातीशी धरली, म्हणाला, "लोकहो, सरकार स्वतःहून पैसे देतंय. पाटाचं म्हणाल तर इंजिनिअरसाहेबांनी मला शब्द दिलाय. कालव्याखालून मोरी काढतील. पाटाचं पाणी खालून जाईल, कालव्याचं वरून." झालं. कोम्पाद्रेचा शब्द. त्यावर आणखी काय विचारायचं? हात वर गेले. आम्ही असेच. माणसाचा शब्द घेतला की पुन्हा विचारणं आम्हाला उद्धटपणा वाटतो, आणि सरकारी माणसाला हे बरोबर ठाऊक असतं.

कालवा झाला. मोरी झाली नाही.

लिब्रादानं जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन विचारलं. तिथला कारकून म्हणाला, "अंदाजपत्रकात मोरी नाही." राज्याच्या कचेरीत गेली. तिथली बाई नखं रंगवत होती, ती म्हणाली, "अंदाजपत्रकात नाही, आजी." धरणाला पैसे होते. कालव्याला होते. कालव्याच्या कडेनं गुलाबी फुलझाडं लावायला होते, ती महिन्याभरात वाळली. पितळेच्या पाटीला होते, तिच्यावर कोरायच्या नावांना होते, उद्घाटनाच्या मांडवाला, मांडवातल्या पंख्यांना, पंख्यांच्या जनरेटरला, वरून फोटो काढणाऱ्या त्या घोंघावणाऱ्या यंत्राला होते. पाच माणसं आणि चार सिमेंटचे नळे लागणार होते मोरीला. त्याला नव्हते. तळपायाची आग मस्तकात जाते की नाही सांगा.

"कोम्पाद्रे, मोरीचं काय झालं?" ती फिदेन्सिओला विचारायची.

"होईल, कोमाद्रे. दुसऱ्या टप्प्यात घेतलीय."

"आणि दुसरा टप्पा कधी?"

"पहिला टप्पा नीट चालतोय असं मंत्र्यांच्या डोळ्यांना दिसलं की."

"कोरडा कालवा नीट चालतो म्हणजे कसा चालतो?"

फिदेन्सिओ टोपीची कड बोटांनी फिरवत राहायचा. माणूस खोटा नव्हता. त्याचं नाव त्या पितळेवर कोरलं होतं, आणि तेच त्याला चावत होतं.

झरा मात्र वाहतच होता. भरावाच्या पलीकडे त्याचं पाणी साचून तळं झालं. पाणी त्या बाजूला, झाडं ह्या बाजूला, मध्ये सरकारचा कोरडा कालवा. लिब्रादा बादल्या घेऊन भराव चढायची, कालव्यात उतरायची, पुन्हा चढायची, आणि परत येईपर्यंत अर्धं पाणी सांडलेलं. पोरानं पैसे पाठवले, तिनं लांब रबरी नळी आणली आणि कालव्यावरून टाकली. दोन दिवस पाणी आलं. तिसऱ्या दिवशी कंत्राटदारानं मागे ठेवलेल्या राखणदारानं नळी सुरीनं कापली. सरकारी मालमत्तेवर अतिक्रमण, म्हणाला. ज्या कालव्यात शेळ्या लेंड्या टाकतात त्यावर नळीचं अतिक्रमण.

त्या उन्हाळ्यात वरच्या ओळीची झाडं पिवळी पडली. मग पानं गळाली. आन्सेल्मोनं सगळ्यात आधी लावलेली हीच ओळ. लिब्रादा नखानं साल खरवडून बघायची, आत हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे. रोज बघायची, आणि रोज हिरवं थोडं खाली सरकलेलं असायचं.

आता सान इसिद्रोचं सांगतो. शेतकऱ्यांचा संत, लाकडाचा, हातात वेत, पायाशी दोन इवले बैल. त्याचं देवळात मन रमत नाही. तो दर वर्षी एका मानकऱ्याच्या घरी असतो. मानकऱ्यानं त्याला कपडे करायचे, रविवारी भेटायला येणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि मे महिन्यातल्या सणाला गावजेवण द्यायचं. पाणी नसलं तर मानकऱ्यानं त्याला कोरड्या जागी उन्हात नेऊन उभा करायचा. भोग म्हणावं तू पण. पाणी आलं की मगच परत घरी. तोवर त्याला हात लावायचा तो मानकऱ्यानंच. दुसऱ्या कुणी उचलला तर मान त्याच्याकडे गेला: संत त्याच्या घरी, जेवणं त्याच्या चुलीवर, आणि पाणी आलं नाही तर बोलणीही त्यालाच. त्यामुळे उन्हातल्या संताला आजवर कुणी चुकूनही शिवलेलं नाही.

त्या वर्षीची मानकरीण लिब्रादा होती.

सणाच्या तोंडावर बातमी आली, मंत्री येणार. पहिला टप्पा बघणार आणि दुसऱ्या टप्प्याचे पैसे जाहीर करणार. पुन्हा मांडव, पुन्हा पंखे. फिदेन्सिओनं बोकड कापायला सांगितले, बिर्रियाच्या रश्श्याच्या मसाल्याचा वास गल्लीभर सुटला. मंत्री यायचे त्या सकाळी लिब्रादा बादली घेऊन भरावापलीकडे गेली आणि थबकली. तळं गायब. तळाशी नुसता चिखल, आणि चिखलात टँकरच्या चाकांचे माग. झऱ्याचं साचलेलं सगळं पाणी सरकारी टँकरांनी शोषून घेतलं होतं. ते टँकर आता कालव्याच्या तोंडाशी रांगेत उभे होते. मंत्री चाक फिरवणार, टँकर सुटणार, कालवा वाहणार, फोटो निघणार.

म्हणजे तिच्याच झाडांचं पाणी, तिच्याच डोळ्यांदेखत, फोटोसाठी.

ती रिकामी बादली घेऊन घरी आली. बादली ठेवली. सान इसिद्रोला त्याच्या चौरंगावरून उचलला, अंगावरच्या शालीत बांधून पाठीवर घेतला, बैल एका हातात धरले आणि चालू लागली. निकानोरा दारात मिरच्या निवडत होती.

"लिब्रादा, बये, कुठं निघालीस त्याला घेऊन? अजून मिरवणुकीला अवकाश आहे."

"त्याला कालवा दाखवायला."

निकानोरानं मिरच्यांचं सूप तसंच टाकलं आणि मागं निघाली. मग आणखी बायका निघाल्या. मांडवासमोर, कालव्याच्या बरोबर मध्यावर, जिथं पाणी पहिल्यांदा पोचणार होतं, तिथं लिब्रादानं संताला उभा केला. बैल नीट मांडले. आणि शेजारी काँक्रीटवर बसली.

पहिल्या टँकरवर निकानोराचा जावई रुतिलिओ होता. त्यानं पाहिलं आणि चावीवरचा हात काढून घेतला. साहेबलोक ओरडायला लागले. रुतिलिओ म्हणाला, "साहेब, संताच्या अंगावर उसनं पाणी सोडायला मला सांगू नका. मला ह्याच गावात राहायचंय."

फिदेन्सिओ धावत आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"कोमाद्रे, उठा. पाया पडतो. दुसऱ्या टप्प्यात मोरी आहे. आज हे बिघडलं तर मोरी गेली."

"कोम्पाद्रे, तळ्यातलं पाणी कुणी न्यायला सांगितलं?"

तो टँकरांच्या रांगेकडे बघायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"एका दिवसाचा प्रश्न होता, कोमाद्रे. झरा पुन्हा भरेल. शिवाय पाणी संताच्या पायाला लागेल, म्हणजे रीतही पाळली जाईल. घेऊन जा त्याला घरी."

लिब्रादा उठून उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही पोचत नाही. "संताला टँकरच्या पाण्यानं फसवायला निघालास तू, फिदेन्सिओ?" ती म्हणाली. "आन्सेल्मोची झाडं मेली ती तुझ्या शब्दानं मेली. माझ्या पोराला तू देवासमोर हातात धरलंस, आणि त्याच्या बापाची बाग तू एका पितळेच्या पाटीसाठी वाळवलीस."

तू. कोम्पाद्रेला तू. काठावरच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. फिदेन्सिओचा चेहरा असा झाला की वाटावं कुणीतरी कानशिलात दिलीय. तो खाली बसला, तिथंच, काँक्रीटवर.

तेवढ्यात पांढऱ्या गाड्या आल्या. मंत्री उतरले. इस्त्रीचा सदरा, नवीकोरी गवती टोपी, तिची किमतीची चिठ्ठी कुणीतरी गडबडीत अर्धवटच काढलेली. कालव्यात संत आणि म्हातारी बघून त्यांनी शेजारच्या तरुण साहेबाकडे पाहिलं. तो हुशार. कानाशी लागला: साहेब, उलट बरंच झालं, लोकांची श्रद्धा, परंपरा, आपण स्वतः संताला उचलून घ्या, फोटो उद्याच्या पहिल्या पानावर.

मंत्री हसत उतार उतरले. "काय आजी, संताला ऊन लागतंय की. चला, आपण त्याला सावलीत नेऊ." आणि वाकले.

लिब्रादानं तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. तिनं फिदेन्सिओकडे पाहिलं, फिदेन्सिओनं तिच्याकडे. त्यालाही कळलं होतं, आणि तोही बोलला नाही. तिनं तोंड मिटलं.

मंत्र्यांनी सान इसिद्रो उचलला. कॅमेरे चमकले. काठावरून निकानोरानं मानकऱ्याच्या मानाचं गाणं सुरू केलं. बायकांनी सूर धरला. तांबोरासोवाल्यांना कुणी सांगायला लागलं नाही, त्यांनी ढोल बडवले, कर्णे फुंकले. मंत्र्यांच्या गळ्यात झेंडूची माळ पडली, खांद्यावर पावांची माळ पडली. ते भारावले, डोळे पुसले.

"आता हे तुमचे, साहेब," लिब्रादा म्हणाली. "वर्षभर तुमच्या घरी. पाणी आलं की तुम्हीच घेऊन या, वाजतगाजत."

"आजी, हा माझा सन्मान आहे," मंत्री म्हणाले. टँकर सुटले, फोटो निघाले, बिर्रिया संपायच्या आत कालवा पुन्हा कोरडा. संत पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून राजधानीला गेला.

पहिल्या रविवारी आम्ही जुनी शाळेची बस ठरवून मंत्र्यांच्या घरी गेलो. सगळे. म्हातारेकोतारे, ढोल, कर्णे, लेकुरवाळ्या. रीतच आहे ती, मानकऱ्याकडे जायचं. मंत्र्यांच्या बाईसाहेबांनी हसून सगळ्यांना सरबत दिलं आणि जेवण कुठाय असं निकानोरानं विचारल्यावर हसू आवरतं घेतलं. दुसऱ्या रविवारी फाटक बंद होतं. मग आम्ही रस्त्यावर गाणी म्हटली. शेजारपाजारचे गच्चीवर आले, मोबाईल धरून. तिसऱ्या रविवारी वर्तमानपत्रवाले आले आणि त्यांनी लिब्रादाला विचारलं की हे सगळं कशासाठी. तिनं सांगितलं, एका मोरीसाठी. त्यांना वाटलं ती चेष्टा करतेय.

मंगळवारी तो हुशार तरुण साहेब संताला घेऊन तिच्या दारात. "आजी, ठेवून घ्या हो."

"रीत नाही तशी," ती म्हणाली. "अंदाजपत्रकात नाही."

तो संताला घेऊन परत गेला. त्याच आठवड्यात माणसं आली, सिमेंटचे नळे आले. पाच माणसं, चार नळे. फिदेन्सिओ त्यांच्याबरोबर खड्ड्यात उतरून फावडं मारत होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी मोरी झाली. एवढंच काम. एवढ्यासाठी एक अख्खा उन्हाळा.

आणि तुम्हाला वाटेल आता पाणी सोडलं असेल. छे. फळ्या मारून मोरीचं तोंड बंद ठेवलं, उद्घाटन व्हायचं होतं ना. पुढच्या गुरुवारपर्यंत. पुन्हा मांडव. पुन्हा पंखे. मोठा फलक: 'पारंपरिक जलवारसा पुनरुज्जीवन प्रकल्प', आणि खाली मंजूर झालेली रक्कम, जिच्यात चाळीस मोऱ्या झाल्या असत्या. आमच्या पणज्यांचा पाट सरकारनं आम्हालाच भेट दिला, फीत बांधून.

मंत्री संताला घेऊन आले, वाजतगाजत, नाइलाजानं. मोरीच्या तोंडावर लाल फीत होती. भाषण झालं. मग त्यांनी तबकातली कात्री उचलली आणि कॅमेऱ्याकडे बघत लिब्रादाच्या हातात दिली. "हा मान आजीचा."

तिनं फीत कापली. फिदेन्सिओनं फळी ओढली. पाणी आधी लालसर, मग गढूळ, मग स्वच्छ आलं, आणि बागांकडे धावलं. लोकांनी टोप्या काढल्या. मंत्र्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. लिब्रादानं ती एप्रनच्या खिशात घातली.

"ही माझ्याकडे राहू दे, साहेब. तुमच्याकडे राहिली तर पुन्हा काहीतरी कापाल."

मंत्री खूप हसले. बाकी कुणी हसलं नाही.

ती पाण्याच्या बरोबरीनं चालत बागेत गेली. मागून फिदेन्सिओ फावडं घेऊन येत होता, चार पावलं अंतर ठेवून. खालच्या ओळीची आळी भरली, मधलीची भरली. वरच्या ओळीपाशी तिनं पहिल्या झाडाची साल नखानं खरवडली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची, ओळीच्या टोकापर्यंत.

"कोमाद्रे," फिदेन्सिओनं लांबूनच विचारलं, "ह्या ओळीला पाणी सोडू?"

"सोड," ती म्हणाली. "मेलेल्यालाही पाणी पाजतात."